घरचा डॉक्टर कोणाच्या पदरी?

महाराष्ट्रातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतील, असे राज्य शासनाने २०२३ मध्ये जाहीर केले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा हा विस्तार होता आणि त्यात १,३५६ प्रकारचे उपचार समाविष्ट करण्यात आले. तेव्हापासून कार्डे काढणे, कार्डे वाटणे आणि वाटलेल्या कार्डांचे आकडे सभांतून सांगणे हाच जणू आरोग्य खात्याचा मुख्य कार्यक्रम होऊन बसला आहे. दापोली तालुक्याच्या टोकाला, वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या दाभोळचा मच्छीमार किंवा बागेत राबणारा गडीही या कार्डाचा हक्कदार आहे. तेव्हा या कार्डाने त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे एकदा नीट तपासून पाहिले पाहिजे.

कार्डावर हृदयाची शस्त्रक्रिया होते. रक्तदाबाची रोजची गोळी मिळत नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस होते. ती निकामी होऊ नयेत म्हणून दहा-दहा वर्षे ज्याने साखर आणि रक्तदाब पाहत राहावयाचे, त्या गावातल्या डॉक्टरची फी कार्डावर चालत नाही. योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे; बाह्यरुग्ण तिच्या खिजगणतीतही नाही. माणसाने आधी आडवे व्हावे, मग वाहन करून अंगीकृत रुग्णालय गाठावे, तेथे आरोग्यमित्राच्या टेबलापुढे कागद मांडावेत आणि मगच शासनाला त्याचा कळवळा यावा, अशी ही रचना आहे. आजाराची पहिली दहा वर्षे रुग्णाच्या खिशातून आणि शेवटचे दहा दिवस तेवढे सरकारच्या तिजोरीतून!

या रचनेत हरवलेला दुवा म्हणजे कुटुंबाचा डॉक्टर. वैद्यकाच्या खर्चाची चर्चा निघाली की सगळ्यांची नजर मोठ्या रुग्णालयाच्या बिलावर जाते. बिल तेथे फाडले जाते हे खरे; परंतु खर्चाचा निर्णय तेथे होत नाही, तो त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या दारावर होतो. ताप दोन दिवस पाहावा की लगेच रक्त तपासावे. पोटातली कळ साधी की अपेंडिक्सची. छातीत दुखते ते जळजळीने की हृदयाने. म्हातारीला रात्रीच हलवावे की सकाळपर्यंत थांबता येईल, हे सारे प्रश्न कुटुंबाला ओळखणारा, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असलेला डॉक्टर काही मिनिटांत सोडवू शकतो. बहुतेक आजार त्याच्याच दारात संपावयास हवेत. जे संपत नाहीत ते वेळेवर, योग्य त्याच ठिकाणी, चिठ्ठीसह पुढे जावयास हवेत. हे काम नीट झाले तर खर्च आपोआप आटोक्यात राहतो. ते बिघडले तर पुढच्या प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो.

कोकणात तर बिलाखेरीज दुसराही एक खर्च असतो आणि तो कोणत्याही योजनेत धरला जात नाही. दाभोळहून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय सुमारे तीस किलोमीटर. रस्ता चढउताराचा, वळणावळणांचा. तेथून पुढे पाठविले तर चिपळूण, डेरवण किंवा रत्नागिरी. आणि तेथेही भागले नाही तर मुंबईचे केईएम. खाडीपलीकडच्या धोपावेकरांना जवळचे म्हणून दाभोळ गाठायचे तर फेरीबोट, आणि ती रात्रभर चालत नाही. जमिनीवरून जायचे तर चिपळूणचा लांबचा वळसा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, साऱ्या महाराष्ट्रासाठी. ती मिळाली तर उत्तम. न मिळाली तर खाजगी जीप. रुग्णासोबत एक माणूस जातो, त्याचा रोज बुडतो. होडी किनाऱ्याला लागून राहते. मुंबईत नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत मुक्काम पडतो. शस्त्रक्रिया ‘मोफत’ होते आणि घरातले दागिने तरीही सराफाकडे जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडचे रस्ते झाडांखाली गाडले आणि वीज कित्येक दिवस नाहीशी झाली. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी लांबचे पंचतारांकित रुग्णालय आणि पाच लाखांचे कार्ड या दोहोंचाही उपयोग शून्य. उपयोग होतो तो चालत जाण्याच्या अंतरावर बसलेल्या डॉक्टरचा.

मग तो डॉक्टर आज काय करतो? येथे भाबडेपणा सोडून द्यावा लागेल. खेड्यातील खाजगी डॉक्टरची प्राप्ती प्रत्येक भेटीवर, प्रत्येक सुईवर, प्रत्येक बाटलीवर ठरते. रुग्ण बरा राहिला तर त्याला काही मिळत नाही. रुग्ण वारंवार आला तर मिळते. नुसता सल्ला दिला तर रुग्णालाही पैसे देणे जड जाते, म्हणून सुई टोचावी लागते. थकवा आला की सलाईन. त्या बाटलीत असते ते मीठ-पाणी किंवा साखर-पाणी, आणि ज्या माणसाला तोंडाने पिता येते त्याचे काम मीठ घातलेल्या पेजेने किंवा लिंबू-साखर-मिठाच्या सरबताने तितकेच होते. पण पेजेचे पैसे मागता येत नाहीत. हा एकेका डॉक्टरच्या सचोटीचा प्रश्न नाही. मोबदल्याची पद्धतच अशी आहे की सचोटीने वागणाऱ्याचा दवाखाना तोट्यात जातो आणि बाटली चढविणाऱ्यापुढे रांग लागते. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी हीच रांग मोजून आपली भेट ठरवितात.

याहून गंभीर प्रकार म्हणजे ‘कट’. ज्याने रुग्णाला अनावश्यक तपासणीपासून आणि अनावश्यक शस्त्रक्रियेपासून वाचवावयाचे, त्यालाच तपासणी केंद्राने आणि शहरातील रुग्णालयाने हिस्सा द्यावयाचा. म्हणजे कुंपणाला शेताची वाटणी देऊन टाकावयाची. शेजारच्या रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा प्रकार २०१३ मध्ये चव्हाट्यावर आणला. त्यांनी तपासणीसाठी पाठविलेल्या एका रुग्णामागे पुण्यातील एका केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश आला. तो त्यांनी मुकाट्याने बँकेत भरला नाही. वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार केली. डॉक्टरने असा मोबदला घेणे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार निषिद्धच आहे. तरीही धनादेश राजरोस पाठविला जातो, यावरून त्या नियमांचा धाक किती आहे ते दिसते. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ‘कट प्रॅक्टिस’ला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा झाला, वृत्तपत्रांत मथळे आले. त्या मसुद्याचा कायदा काही झाला नाही. सरकारे बदलली, मसुदा फायलीतच राहिला. या एका विषयावर सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात किती एकवाक्यता आहे!

बावस्करांचेच दुसरे उदाहरण या ठिकाणी अधिक महत्त्वाचे आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडला काम करताना बावस्करांनी हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, त्यांच्या हृदयावर विषाचा काय परिणाम होतो याच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो, असे दाखवून दिले. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकाने हे काम छापले. विंचूदंशाचे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. हे कोणत्या अतिदक्षता विभागाने केले नाही. गावाजवळच्या एका डॉक्टरने, काही रुपयांच्या गोळीने आणि वेळेवर केले. रोगी मुंबईला नेईपर्यंत विंचू थांबत नसतो.

जुन्या डॉक्टरचे स्मरणरंजन

या प्रश्नावर मध्यमवर्गीयांचे एक ठरलेले उत्तर असते: “पूर्वीचे फॅमिली डॉक्टर आता राहिले नाहीत.” काळी बॅग, घरी येणे, नाडी पाहून निदान, मुलांना गोड गोळ्या, या आठवणींवर दिवाळी अंकांचे किती लेख निघाले याची गणती नाही. त्या पिढीत थोर माणसे होती यात संशय नाही. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशिअन्स अँड सर्जन्सची एलसीपीएस ही पदविका घेतलेले कितीतरी डॉक्टर तालुक्यांच्या आणि बंदरांच्या गावी आयुष्यभर राहिले. परंतु ते घरचे डॉक्टर होते ते कोणाच्या घरचे? खोताच्या, सावकाराच्या, वखारवाल्याच्या. भोयाच्या, खारव्याच्या, कुळवाड्याच्या घरी ते आले तर ती त्यांची दया होती. त्या घराचा तो हक्क नव्हता. ज्याला दया लाभली त्याने कृतज्ञ राहावे आणि ज्याला लाभली नाही त्याने अंगारा लावावा, अशी ती ‘सुवर्णयुगाची’ आरोग्यव्यवस्था होती. समाजवाद्याने तिच्यासाठी उसासे टाकण्याचे कारण नाही.

कोकणच्या कष्टकऱ्याला खरोखर हक्काचा घरचा डॉक्टर एकदा मिळाला होता, पण तो कोकणात नव्हे. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा मुंबईत १९५४ मध्ये लागू झाला आणि गिरणगावात ‘पॅनेल डॉक्टर’ आले. कामगाराने आपल्या वस्तीतील एका डॉक्टरच्या यादीत नाव नोंदवावयाचे. डॉक्टरला विमा योजनेने माणशी ठरावीक रक्कम द्यावयाची. दवाखान्यात गेल्यावर कामगाराने पैसे द्यावयाचे नाहीत. मोठे दुखणे आले तर परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयासारखी योजनेची रुग्णालये. दाभोळ, गुहागर, दापोलीचे चाकरमानी ज्या गिरण्यांत राबले त्या गिरण्यांच्या दारात ही सोय होती. त्या पॅनेल डॉक्टरांची लोकांनी थट्टाही पुष्कळ केली: रांगा, एकाच रंगाचे मिश्रण, आजारपणाच्या दाखल्यांचा बाजार. थट्टा निराधार नव्हती. डॉक्टरवर देखरेख नव्हती आणि दिला जाणारा मोबदला तुटपुंजा होता, त्याचे ते फळ. पण त्या पद्धतीचे तत्त्व पाहावे: डॉक्टरची मिळकत रुग्णाच्या दुखण्यावर अवलंबून नव्हती, आणि फी नाही म्हणून कामगार दारातून परत जात नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. नंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि कामगार गावी परतला. नोकरीबरोबर विम्याचे पुस्तकही गेले. कामगार म्हणून त्याला जो डॉक्टर होता तो गावकरी म्हणून त्याला उरला नाही. गावी राहिलेल्या त्याच्या आईबापांकडे तर तो मनीऑर्डरीतून वाचविलेल्या पैशांपुरताच होता. असंघटित माणसाला आणि मच्छीमाराला पॅनेल डॉक्टर का मिळू नये, हा प्रश्न तेव्हा कामगार संघटनांनी नेटाने विचारला नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे.

ब्रिटनमधील मजूर पक्षाने तो विचारला होता. दक्षिण वेल्समधील खाणकामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून गावाला डॉक्टर ठेवीत. त्या खोऱ्यातून आलेल्या, स्वतः खाणीत काम केलेल्या अनायरिन बेव्हन यांनी आरोग्यमंत्री म्हणून ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा तीच कल्पना साऱ्या देशाला लागू झाली. प्रत्येक नागरिकाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत. डॉक्टरला माणशी मोबदला. तज्ज्ञाकडे जावयाचे तर बहुधा त्याच्या चिठ्ठीने. डॉक्टरांच्या संघटनेने आकाशपाताळ एक केले, तरी योजना झाली. त्याच वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणगावात ज्यूलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने पुढे वर्षानुवर्षे काम केले. गावातील प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजून, जे दवाखान्यात येत नसत त्यांनाही शोधून काढून, त्याने उपचार केले. त्या गावातील अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा कमी झाले. १९७१ मध्ये त्याने जो सिद्धान्त मांडला तो जगभर शिकविला जातो: जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तेथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराचे राज्य जितके मोकळे, तितका हा नियम अधिक कडक लागू होतो. दाभोळपासून मुंबईपर्यंतच्या रस्त्यावर डोळे उघडे ठेवून प्रवास केला की या सिद्धान्ताला पुरावा शोधावा लागत नाही.

भारतात हे सारे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. भोर समितीने १९४६ मध्येच खेड्यापर्यंत पोहोचणाऱ्या, पैसे देण्याच्या ऐपतीवर अवलंबून नसलेल्या सेवेचा आराखडा दिला. मात्र त्याच समितीने लायसेन्शिएट डॉक्टरांचा अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. त्या वेळी देशातील निम्म्याहून बरेच अधिक डॉक्टर लायसेन्शिएट होते, आणि समितीतील काही सदस्यांनी या शिफारशीला विरोधही नोंदविला होता. शिफारशींतली खर्चाची बाजू सरकारांनी गुंडाळून ठेवली आणि बंद करण्याची बाजू तेवढी तत्परतेने अमलात आणली! १९७५ मध्ये हाथी समितीने अत्यावश्यक औषधांची शंभर-सव्वाशे नावांची यादी दिली आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करा असे सांगितले. १९७८ मध्ये आल्मा-आटाचा जाहीरनामा झाला. १९८१ मध्ये रामलिंगस्वामींच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा पर्यायी आराखडा दिला. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून, मांडव्याला डॉ. अंतियांनी १९७३ पासून, गडचिरोलीत बंग दांपत्याने १९८६ पासून गावपातळीवरच्या कामाचे धडे प्रत्यक्ष घालून दिले. म्हणजे ज्ञानाची वाण कधीच नव्हती. तरीही शासनाने वाट निवडली ती विम्याची, कारण विम्याचा पैसा रुग्णालयांकडे जातो, आणि रुग्णालयांचे मालक मंत्रालयाचा जिना चढू शकतात. दाभोळचा खारवी चढू शकत नाही.

एन्रॉनला हमी, डॉक्टरला नाही

पैसा नाही, हे उत्तर तयारच असते. दाभोळच्या बाबतीत तरी ते देण्याची सरकारने हिंमत करू नये. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातील अंजनवेलला. नाव मात्र दाभोळचे. वीज घेतली किंवा न घेतली तरी कंपनीच्या क्षमतेपोटी पैसे मोजावयाचे, असे त्या करारात होते. राज्य शासनाने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी दिली. १९९५ मध्ये प्रकल्प समुद्रात बुडविण्याच्या घोषणा देऊन सत्तेवर आलेल्यांनी पुन्हा वाटाघाटी करून तो अधिक मोठा करून घेतला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये दर न परवडल्याने ती घेणे थांबले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. म्हणजे एका परदेशी कंपनीला तिचे यंत्र नुसते तयार उभे राहील एवढ्यासाठी वर्षानुवर्षे पैसे देण्याचे वचन हे राज्य देऊ शकते. ज्या गावाचे नाव त्या कंपनीने वापरले, त्या गावात एक डॉक्टर तयार उभा राहावा म्हणून तेच वचन देताना मात्र तिजोरीत खडखडाट होतो.

वास्तविक ‘तयार उभे राहण्याचे पैसे’ ही कल्पना विजेपेक्षा वैद्यकाला कितीतरी अधिक लागू पडते. हिशेबासाठी असे समजा की एका डॉक्टरच्या यादीत दीड हजार कुटुंबे आहेत आणि शासन त्याला कुटुंबामागे वर्षाला १,२०० रुपये देते, म्हणजे पुण्याच्या त्या केंद्राने एका रुग्णामागे धाडले तेवढेच. वर्षाचे अठरा लाख रुपये होतात. महिन्याला दीड लाख. त्यात डॉक्टरचे मानधन, एका परिचारिकेचा पगार आणि जागेचे भाडे बसते. औषधे शासनाने खरेदी करून पुरवावयाची. तामिळनाडू हे काम १९९५ पासून आपल्या औषध महामंडळामार्फत करीत आले आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, २०२३ च्या कायद्याने नव्या प्राधिकरणाकडे दिली, आणि दरम्यान गोळ्या संपल्याच्या पाट्या आरोग्य केंद्रांत झळकत राहिल्या. ही खरेदी नीट करणे अशक्य नाही, हे तामिळनाडूनेच सिद्ध केले आहे. अशी यादी असलेल्या डॉक्टरला बाटली चढवून काही मिळत नाही, उलट वेळ जातो. रक्तदाब ताब्यात राहिला तर त्याचे काम कमी होते. त्याचे हित आणि रुग्णाचे हित पहिल्यांदाच एका बाजूला येतात. केरळातील डाव्या आघाडीच्या सरकारने २०१७ पासून ‘आर्द्रम’ अभियानात प्राथमिक केंद्रांची कुटुंब आरोग्य केंद्रे करून, डॉक्टर वाढवून आणि दवाखाना संध्याकाळीही उघडा ठेवून या दिशेने पाऊल टाकले. महाराष्ट्राला ते जड का जावे?

यावर सरकारी अधिकारी म्हणतील, प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेतच, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफतही झाले आहेत. तो निर्णय चांगला होता. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण डोंगराळ भागात वीस हजार आणि सपाटीला तीस हजार लोकांमागे एक केंद्र, त्यातही पद रिकामे किंवा कंत्राटी, डॉक्टर बैठकांना आणि अहवालांना जुंपलेला, बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद. मच्छीमार समुद्रावरून परततो तेव्हा दार लागलेले असते. म्हणून तो शेजारच्या खाजगी दवाखान्यात जातो आणि पैसे मोजतो. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरांवर ग्रामीण सेवेचे बंधन आहे, पण दंड भरून सुटका करून घेण्याची सोयही होती. म्हणजे बंधन उरत होते ते दंड न परवडणाऱ्यालाच. शासकीय आकडेवारीप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चात जनतेच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट झाली हे मान्य करूनही शंभरातील चाळीस रुपये अद्याप रुग्णच मोजतो आहे. आणि २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के खर्च करू, असे २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिणारे सरकार २०२१-२२ मध्ये १.८४ टक्क्यांवर होते.

आयुर्वेदाच्या आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाहीत, हा वाद अधूनमधून पेट घेतो, संप होतात, पत्रके निघतात. त्या वादात दोन्ही बाजूंना रुग्णाची फार काळजी असल्याचे ऐकू येते. खरे भांडण गिऱ्हाइकाचे आहे. कोकणातील कितीतरी गावांत आज जो डॉक्टर रात्री दार उघडतो तो आयुर्वेदाचाच पदवीधर असतो. त्याला हिणवून कोणाचे भले होणार नाही, आणि तो अर्धवट माहितीवर प्रतिजैविके देत असेल तर त्याकडे डोळेझाक करूनही होणार नाही. त्याला रीतसर शिक्षण द्यावे, ठरलेल्या औषधांच्या यादीत बांधून घ्यावे, त्याच्या कामाची तपासणी करावी आणि सरकारी मोबदल्यावर आणावे. एमबीबीएस झालेल्यालाही हीच अट लावावी. कुटुंबवैद्यक ही स्वतंत्र विद्याशाखा आहे, परंतु वैद्यकीय महाविद्यालयांत तिला स्थान नगण्य आहे; रत्नागिरीला २०२३ मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तेथूनच या शिक्षणाचा आरंभ करावयास काय हरकत आहे?

आता थोडे कार्यकर्त्यांविषयी. गेल्या कित्येक वर्षांत तालुक्याच्या कार्यकर्त्याचे आरोग्यविषयक काम दोन गोष्टींत सामावले आहे. एक, रुग्णाला मुंबईत खाट मिळावी म्हणून चिठ्ठी देणे, फोन करणे. दोन, शहरातून तज्ज्ञ आणून एक दिवसाचे आरोग्य शिबिर भरविणे. पहिल्या कामात माणुसकी आहे, ते थांबवू नये. पण त्याने रुग्ण कार्यकर्त्याचा ऋणी होतो, नागरिक होत नाही. कालच्या खोताच्या दयेच्या जागी आज पुढाऱ्याची ओळख आली, एवढाच फरक. दुसरे काम तर अनेकदा निखालस घातक असते. शिबिरात तपासलेल्या माणसाला पुन्हा कोणी पाहत नाही, आणि ‘पुढील तपासणीसाठी’ म्हणून त्याला ज्या रुग्णालयाकडे धाडले जाते त्याच रुग्णालयाचे नाव शिबिराच्या मांडवावर झळकत असते. मोठ्या रुग्णालयांसाठी गिऱ्हाईक गोळा करण्याचे काम पक्षाच्या झेंड्याखाली होणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सत्ताधारी पक्षांचे लोक ते करतात याचे नवल नाही.

कार्यकर्त्यांच्या हाती करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी सत्ता हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे; दापोली, चिपळूण, रत्नागिरीत ती कोठे लागली आहे आणि कोठे नाही याची पाहणी दोन आठवड्यांत होऊ शकते. प्राथमिक केंद्रावर लोकांनी देखरेख ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत झाला. औषधसाठा, डॉक्टरची हजेरी आणि बाहेरून आणावयास लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या यांची जाहीर सुनावणी त्यात होत असे, आणि सुनावणीच्या धास्तीने पुष्कळ केंद्रे सुधारली. दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली आहे. मेलेली मासळी कचेरीत नेऊन दाखविणाऱ्या लोकांना सुनावणी कशी घ्यावयाची हे शिकवावे लागणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. रत्नागिरी जिल्हा परिषदेत २०२२ पासून पुढची काही वर्षे लोकनियुक्त प्रतिनिधीच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. जाब विचारावयाचा तर कोणाला, अशी सबब त्या काळात सर्वांनाच सोयीची झाली. ग्रामसभा मात्र तेव्हाही भरत होत्या आणि पुढेही भरतील. खाडीच्या दोन्ही काठांवरील गावांनी एकच ठराव करावा: प्रत्येक कुटुंबाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत लागलेच पाहिजे, त्या डॉक्टरला शासनाने माणशी मोबदला द्यावा आणि त्याने रुग्णाकडून पैसा घेऊ नये, मच्छीमारांच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी दवाखाना उघडा असावा, चिठ्ठी देऊन पुढे पाठविलेल्या रुग्णाचे काय झाले हे मोठ्या रुग्णालयाने त्या डॉक्टरला लेखी कळवावे, आणि २०१७ चा ‘कट प्रॅक्टिस’विरोधी मसुदा विधिमंडळापुढे आणावा. ठराव केवळ जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडून थांबू नये. त्याची प्रत तालुक्यातील प्रत्येक डॉक्टरला द्यावी आणि यादीवर काम करावयास कोण तयार आहे हे त्यांनाच विचारावे. ज्यांना ‘कट’चा धनादेश परत पाठवावासा वाटतो पण दवाखाना चालविण्याच्या चिंतेने तो वटवावा लागतो, असे तरुण डॉक्टर या तालुक्यात निश्चित आहेत, आणि त्यांच्याकडे आजवर कोणत्याही पक्षाचा माणूस रुग्णाच्या चिठ्ठीखेरीज दुसऱ्या कामासाठी गेलेला नाही.